साठातले नऊ उरले, आता काय करू?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, कामापुरतं इथे देते:

"मी शाळेतून व्हीआरएस घेतली आणि आता घरूनच ऑनलाइन मोडी लिपीचा वर्ग घेते. फी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठ ते नऊ, गुगल मीटवर. या बॅचला साठ जणांनी नावं दिली होती. बाराखडी होईपर्यंत चाळीसेक यायचे, जोडाक्षरं आली तशी गळती सुरू झाली, आणि परवा पत्रवाचनाला मोजून नऊ. त्यातही सगळ्यांचे कॅमेरे बंद. मी विचारते कळलं का, चॅटमध्ये 'हो मॅडम' येतं, संपलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाचे केक सोडून काही नाही. कोणी म्हणतं कॅमेरा कंपल्सरी कर, कोणी म्हणतं क्विझचं ॲप घे, बक्षिसं ठेव, आणि मुलगी म्हणते आई तू बोअर करतेस. शाळेत माझा तास कधी कंटाळवाणा नव्हता हो. काय चुकतंय?"

ताई, पहिलं म्हणजे तो साठ-नऊचा हिशोब मनाला लावून घेऊ नका. एमआयटी आणि हार्वर्डने जगभरासाठी ऑनलाइन कोर्स काढले ना, त्यांचे आकडे २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले होते. २०१७-१८ मध्ये नावं घातलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे निघाले ३.१३ टक्के. शंभरात तीन. तिकडे शूटिंगला स्टुडिओ, मागे अख्खी टीम, आणि तुम्ही एकट्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून शिकवताय तरी तुमचे पंधरा टक्के टिकलेत. त्याच लेखात अजून एक आकडा होता, ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यातले ४६ टक्के शेवटपर्यंत गेले. पुढच्या बॅचला दोनशे-तीनशे रुपये घ्याच म्हणते मी, फुकटची नावनोंदणी लोक टीव्ही बघता बघता करतात आणि जाहिरात संपली की विसरतात. पण मला त्या आकड्यातून दिसतं ते असं की लोक जातात ते शिकवणं वाईट म्हणून नाही, त्यांचं तिथे काही अडकलेलंच नसतं म्हणून जातात.

आता मला सांगा, मंगळवारी तुमच्या वर्गाला एखादा आला नाही तर कोणाचं काय अडतं?

कोणाचंच नाही ना. तुम्ही शिकवणार तेच शिकवणार, बाकीचे ऐकणार तेच ऐकणार, आणि न आलेला म्हणणार रेकॉर्डिंग आहे की, निवांत बघू, आणि ते निवांत कधी उगवत नाही हे तुम्हालाही माहितीये. शाळेत असं नव्हतं. शाळेत बाकावर शेजारी कोणीतरी असायचं, ते कोपर मारायचं, वहीत डोकावायचं, ए हे बघ काय लिहिलंय म्हणून दाखवायचं, तुमचं उत्तर चुकलं की तुमच्याआधी त्याला कळायचं. तुमचा तास रंगायचा हे शंभर टक्के मान्य, पण त्यातला निम्मा जीव त्या बाकावरच्या शेजाऱ्यांचा होता. ऑनलाइन करताना आपण सगळ्यांनी शिक्षक तेवढा उचलून आणला आणि बाक तिथेच राहिला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गंमत वाढवायच्या मागे लागू नका, काम वाटून द्या, आणि असं काम द्या जे एकट्याला जमणार नाही.

अमेरिकेत १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात शाळांमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती, भांडणं व्हायची. तिथे एलियट ॲरॉन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती केली, धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. आपला तुकडा दुसऱ्याला सांगितल्याशिवाय आणि दुसऱ्याचा ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. मैत्री करा म्हणून उपदेश नाही, ओळख परेड नाही, पण बोलणं भाग पडलं. याला जिगसॉ पद्धत म्हणतात, शिक्षणाच्या क्षेत्रात आता जुनी झाली ती. तुम्ही बीएडला कुठेतरी वाचलीही असेल.

आणि तुम्ही नशीबवान आहात, कारण मोडीचा कागद मुळातच एकट्याने वाचायचा प्रकार नाही. शिरोरेघ आधीच आडवी ओढून घेतलेली, तिला अक्षरं लटकवत गेलेली, शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, ह्रस्व-दीर्घ असा भेद नाही, वर लिहिणारा घाईत. चांगले मुरलेले लोकही जोडीने बसतात, एक मोठ्याने वाचतो, दुसरा बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, उतरवून घेतो, अडलं की दोघं मिळून कागदावर वाकतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तुमच्या वर्गात काय होतंय बघा, कागद स्क्रीनवर, वाचताय तुम्ही, उतरवताय तुम्ही, अडताय तुम्ही आणि सोडवताय पण तुम्हीच. म्हणजे सगळ्यात चविष्ट भाग तुम्ही एकट्या खाताय आणि लोकांना मिळतेय बाराखडी.

तर असं करा. बाराखडी, जोडाक्षरं, बोरू कसा धरायचा हे सगळं लाइव्ह वर्गातून काढून टाका. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ करा, मोबाइलवरच करा, साधे, यूट्यूबवर अनलिस्टेड टाका आणि लिंक द्या. ज्याला जेवढ्या वेळा बघायचंय तेवढ्या वेळा बघू दे, मागे-पुढे करू दे. लाइव्ह तास फक्त वाचनासाठी ठेवा, पहिल्या आठवड्यापासून. हो, पहिल्या. सगळी अक्षरं येत नसताना. 'राजमान्य राजश्री' आणि 'विनंती उपरी' एवढंच ओळखू आलं तरी पहिल्या दिवशी माणूस बायकोला हाक मारून दाखवतो, मी दोनशे वर्षांपूर्वीचं वाचलं म्हणून. क ख ग घ मध्ये तीन आठवडे घालवल्यावर तो दाखवायला काही उरत नाही.

मग चौघाचौघांचे गट करा आणि ते मोडू नका. हे फार महत्त्वाचं आहे, दर वेळी नवीन माणसांबरोबर टाकलं की दर वेळी नमस्कार मी अमुक तमुक यातच वेळ जातो आणि लाजणारा माणूस परत लाजतो. चारच का तर पाचवा-सहावा माणूस आला की एक जण हळूच प्रेक्षक होतो, आणि दोघांचाच गट केला तर एकाचं नेट गेलं की दुसरा भिंतीकडे बघत बसतो. गट करताना सगळे हुशार एकीकडे असं अजिबात नको. तुमच्याकडे रिटायर्ड तलाठी, कोर्टातले कारकून, इतिहासाच्या एमएच्या मुली, पुण्या-मुंबईचे आयटीवाले, एखाद-दुसरा दुबईला बसलेला, असेच लोक असणार, मोडीच्या वर्गाला असेच येतात. प्रत्येक गटात एक जुने शब्द माहीत असलेला आणि एक डोळे व बोटं तेज असलेला पाहिजेच.

म्हणजे काय होतं बघा. समजा चौथ्या ओळीत 'तोफालावून' असं सलग आलंय. कॉलेजची मुलगी वाचते, तो… फालावून… फालावून म्हणजे काय? अक्षरं तिने एकूण एक बरोबर ओळखलीत, तुमच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी पडतील, पण ओळ काही हलत नाही. मग इतका वेळ म्यूटवर बसलेले तलाठी काका पहिल्यांदा आवाज काढतात, अगं तोफा, तोफा लावून! आणि सगळे हसतात. दोन ओळी खाली 'मशारनिल्हे' येतं, काकांना अर्थ पाठ आहे, वर ज्याचं नाव आलंय तो माणूस, पण त्यांना ते अक्षरच दिसत नाही कारण मोबाइलची स्क्रीन वीतभर आणि चष्म्याचा नंबर वाढलेला, तिथे ती मुलगी ते शब्द मोठे करून लाल गोल काढून दाखवते. पुढच्या शुक्रवारी काका येणार म्हणजे येणारच, त्यांना माहितीये की आपण नाही गेलो तर पोरं 'फालावून'वर अडून बसतील.

तांत्रिक बाजू पटकन सांगते. फुकटच्या गुगल मीटवर गटाच्या वेगळ्या खोल्या करता येत नाहीत, झूमच्या फुकट अकाउंटवर येतात, फक्त तुम्ही होस्ट म्हणून लॅपटॉपवर बसा, बाकीचे मोबाइलवर असले तरी चालतं. फुकट झूम ४० मिनिटांनी बंद पडतं, पडू दे, उलट बरंच आहे, तासभर ताणण्यापेक्षा चाळीस मिनिटांत काम उरकायची सवय लागते. दहा मिनिटं सगळे एकत्र, वीस मिनिटं खोल्यांमध्ये, शेवटची दहा परत एकत्र. खोलीत पाठवताना 'चर्चा करा' असं सांगून पाठवू नका, चर्चा करा म्हटलं की मराठी माणूस एकमेकांना 'तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला' करत राहतो. चार ओळी द्या, सगळ्यांसाठी एकच गुगल डॉक उघडून द्या, त्यात प्रत्येक गटाची जागा ठरलेली, वाचलेलं तिथे टाईप करायचं, शंका असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह. मग दुसऱ्या गटाच्या ओळी डोळ्यांसमोर उमटताना दिसतात, त्यांची तिसरी झाली आणि आपण अजून दुसरीवरच असं होतं, आणि त्या चुरशीला कुठलं ॲप लागत नाही.

एक बारीक पण फार कामाची गोष्ट. कागदाचा फोटो आधी ग्रुपवर टाकाल तेव्हा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून अटॅच करा. फोटो म्हणून गेला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि मोडीत एवढीशी गाठ किंवा शेपूट पुसली की अक्षर बदलतं. माझा तर संशय आहे तुमचे अर्धे लोक ह्यामुळेच 'आपल्याला काही जमत नाही बुवा' म्हणून गेले असतील, त्यांना दिसतच नसणार.

आता जिगसॉ खरी कुठे रंगते ते सांगते. समजा तुमच्याकडे पेशवेकाळातलं एक पत्र आहे. एका गटाला वरचा मायना आणि पहिला परिच्छेद द्या, दुसऱ्याला मधला, तिसऱ्याला फक्त तारखेची ओळ आणि सोबत अरबी आकड्यांच्या नावांचा छोटा तक्ता. तारखेत आलंय 'सलास सबैन मया व अलफ'. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११७३, हा झाला सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत वापरायचे ते वर्ष. त्यात ५९९ मिळवले की १७७२. सुहूर सन मृग नक्षत्र लागलं की बदलतो म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे, यावर गटात हमखास वाद होणार, होऊ द्या. मग 'छ' पुढचा आकडा, म्हणजे चंद्राची तारीख, आणि हिजरी महिना, साबान. १७७२ साली साबान महिना ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत होता. आणि तिकडे मधल्या गटाने वाचलंय की श्रीमंतांची प्रकृती बरी नाही, पण कुठले श्रीमंत, कधीची गोष्ट, हे त्यांच्या ओळींत नाही. दोन्ही गट परत एकत्र येतात, तारीख सांगितली जाते, आणि ज्याला इतिहास माहितीये तो कोणीतरी एकदम म्हणतो, अहो १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला थोरले माधवराव गेले!

तो जो क्षण असतो ना ताई, तो तुम्ही लेक्चर देऊन आणू शकत नाही. तुम्ही स्वतःच सांगितलंत, 'हे पत्र माधवरावांच्या आजारपणातलं आहे बरं का', तर चॅटमध्ये 'हो मॅडम' येणार.

अजून एक करून बघा, महिन्यातून एकदा असा कागद आणा जो तुम्हीही वाचलेला नाही. तयारी न करता. तुम्हाला शिक्षकी पेशामुळे हे जड जाईल मला कळतंय, पण मॅडम पण अडतात, मॅडम पण दोनदा चुकीचं वाचून परत मागे येतात हे लोकांनी बघितलं की त्यांची जीभ सुटते. गुळगुळीत वाचून दाखवणाऱ्या माणसासमोर आपलं अडखळत वाचणं कोणाला दाखवावंसं वाटत नाही.

कॅमेऱ्याचं. कंपल्सरी अजिबात करू नका. एका खोलीचं घर असतं, मागे कोणी जेवत असतं, कुकरच्या शिट्ट्या, बाईमाणूस दिवसभर राबून गाऊनवर बसलेली असते, तिने का म्हणून घर दाखवायचं? शिवाय त्याने थकवा येतो तो वेगळाच, स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली होती, इतके चेहरे सतत इतक्या जवळून बघणं, सारखं स्वतःचंच तोंड समोर दिसणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव मुद्दाम करावे आणि ओळखावे लागणं. तुम्ही स्वतःसाठी तरी झूममध्ये 'हाइड सेल्फ व्ह्यू' करा, स्वतःचा चौकोन दिसेनासा होतो, बाकीच्यांना तुम्ही दिसत राहता.

पण चेहऱ्याऐवजी हात मागा! हे मोडीच्या वर्गाला इतकं फिट बसतं. मोबाइल दोन डब्यांवर आडवा ठेवायचा, कॅमेरा थोडा पुढे काढून खाली वहीकडे, बस. शिरोरेघ ओढताना कोणाचा हात थरथरतोय, कोण अक्षर वरून सुरू करायच्या ऐवजी खालून करतोय, बोरू कोणी पेनसारखा उभा धरलाय, सगळं दिसतं. जो माणूस तोंड दाखवायला तयार नाही तो वही दाखवतो, कारण वहीचे त्याने कष्ट घेतलेले असतात. आठवड्यातून पाच मिनिटं सगळ्यांचे हात एकत्र लिहितायत असं ठेवा. बोलायचं पण नाही. मला तर वाटतं तुमच्या काळ्या चौकोनांच्या तक्रारीवर एवढाच उपाय पुरेल.

'कळलं का' हा प्रश्न मात्र आजपासून बंद. त्याला हो शिवाय उत्तर नसतं, विशेषतः आपल्याकडे, मॅडमना नाही कोण म्हणणार. त्याऐवजी म्हणा, तिसऱ्या ओळीतलं पाचवं अक्षर काय वाटतंय ते चॅटमध्ये टाईप करा पण पाठवू नका, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. मग एकाचं बघून दुसऱ्याने लिहिणं बंद होतं आणि दहा जणांची चार वेगळी उत्तरं पडली की तिथून गप्पा आपोआप सुरू होतात, तुम्ही 'ष' म्हणालात, का बरं? आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या बाईंनी वर्गांच्या टेप ऐकून ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात आणि सविस्तर बोलतात. हे प्रत्यक्ष वर्गातलं झालं. ऑनलाइन माणसाला अनम्यूटचं बटण शोधायलाच तेवढा वेळ लागतो, म्हणून तुम्ही मनात दहा आकडे मोजा. फार अवघड वाटतात ते दहा आकडे, पाणी प्या तेवढ्यात.

व्हॉट्सॲप ग्रुपचं काय करायचं? मोठा ग्रुप फक्त ॲडमिनने पोस्ट करायचा करून टाका, वेळ, लिंक आणि रोजची एक ओळ एवढंच. केकवाले रुसतील, रुसू देत. खरा ग्रुप तो चौघांचा, त्यांनी तो स्वतः काढायचा, तुम्ही त्यात नको. हो, तुम्ही नको, मॅडम ग्रुपमध्ये असल्या की लोक नीट कपडे घालून बोलल्यासारखे बोलतात. रोज रात्री एक ओळ टाका मोठ्या ग्रुपवर, उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात चौघांनी आपसात काय तो गोंधळ घालायचा, व्हॉइस नोट पाठवायची, 'काका हे हुजूर आहे का हजर' वगैरे. मोठ्या ग्रुपवर उत्तर टाकायला बंदी का, तर पहिल्याने टाकलं की बाकीच्यांचं डोकं बंद, आणि तो पहिला दर वेळी तोच असतो, प्रत्येक ग्रुपमध्ये असतो एक. दुबईवाल्याला तुमचे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे साडेसहा, तो ऑफिसातून रस्त्यावर असणार, त्यालाही ही ओळ जमते.

आणि कोणी आलं नाही तर फोन गटातल्याने करायचा. तुम्ही केला की ती हजेरी होते, गटातल्याने केला की 'अहो तुमची ओळ रिकामी राहिली, बरंय ना सगळं' असं होतं.

क्विझ ॲप आणि बक्षिसांबद्दल थोडक्यात सांगते, एखाद्या वेळी मजा म्हणून ठीक आहे, पण ज्यात पटकन बटण दाबणारा जिंकतो आणि नंबर स्क्रीनवर झळकतात ते तुमच्या वर्गात नको, सत्तरीचे काका तळाला दिसणार आणि पुढच्या वेळी लिंकच उघडणार नाहीत. मोडीत सावकाश वाचणाराच बरोबर वाचतो.

आता जरा सावध करते. लोकांना सांगा आपापल्या घरातले जुने कागद आणा, त्यासारखी ओढ दुसरी नाही, पणजोबांचं गहाणखत स्वतः वाचायला मिळणार म्हटल्यावर माणूस जोडाक्षरं पाठ करतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून तर गावोगावची कोतवाल बुकं (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या) आणि मोडी वाचणारी माणसं यांना एकदम भाव आलाय, तुमच्या साठातले काही त्यासाठीच आले असणार. पण जमिनीचे कागद, वाटणीपत्रं, जातीच्या नोंदी असलं काही मोठ्या ग्रुपवर टाकू देऊ नका. आपल्याकडे भाऊबंदकी काय चीज आहे सांगायला नको, पुतण्या कुठल्या नावाने ग्रुपमध्ये बसलाय कळणार पण नाही, आणि उद्या वाद कोर्टात गेला तर मॅडमनी वाचून दिलं होतं म्हणून तुमचं नाव निघायचं. घरचे कागद चौघांतच, तेही नाव आणि जमिनीचा गट नंबर झाकून, आणि आधीच स्पष्ट सांगायचं की हे शिकण्यासाठीचं वाचन आहे, अधिकृत लिप्यंतर नाही. वर्गासाठी तुम्ही छापील पुस्तकातली, लिप्यंतर सोबत असलेली पत्रं घ्या, शेवटी ताडून बघता येतं.

पुढची बॅच साठची घेऊ नका. सोळा किंवा वीस, म्हणजे चार-पाच गट, तुम्हाला वीस मिनिटांत प्रत्येक खोलीत डोकावता येतं. डोकावायचं म्हणजे कॅमेरा बंद, म्यूट, ऐकायचं आणि निघायचं. कोणी 'मॅडम आल्या, मॅडम हे काय आहे सांगा' म्हटलं तरी सांगायचं नाही, 'शेजारच्या खोलीत असाच शब्द आलाय, नंतर विचारा त्यांना' म्हणायचं आणि पळायचं. तुमच्या हाडात शिकवणं मुरलंय, हे तुम्हाला सगळ्यात कठीण जाणार आहे, बघा.

आणि जमलं तर एकदा भेटा. तुम्हाला कोल्हापूरचं पुरालेखागार जवळ आहे, पुण्याचं पेशवे दफ्तर एका दिवसात जाऊन-येऊन होतं, आधी फोन करून गटाने यायची परवानगी काय लागते ते विचारून घ्या. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडताना बघितला की स्क्रीनवरच्या कागदाकडे बघायची नजर बदलते, आणि वर्षभर ज्याचा फक्त आवाज ऐकला तो माणूस एवढा उंच आहे होय, असं पण होतं. सगळ्यांना जमणार नाही. पाच-सहा आले तरी जा.

राहिले आत्ताचे नऊ जण. नवीन बॅचची वाट बघत बसू नका, ह्याच शुक्रवारी चार आणि पाच असे दोन गट करा, एक पत्र अर्धं-अर्धं फाडा (प्रिंट नव्हे हो, फाइल!) आणि एकेक भाग द्या, दुसऱ्या गटाचा भाग दाखवायचा नाही. गेलेल्या एक्कावन्न जणांना 'आपण का येत नाही' असा मेसेज नको, तो वाचून कोणी परत येत नाही, नुसतं ओशाळतात. त्याऐवजी शुक्रवारी जे वाचून होईल त्यातली अडलेली एक ओळ, प्रश्नचिन्हासकट, डॉक्युमेंट म्हणून मोठ्या ग्रुपवर टाका आणि खाली एवढंच लिहा: नऊ जणांना हा शब्द लागत नाहीये, कोणाला दिसतोय का?